न धावलेल्या बसची व्यवस्था

मी, शालिकराम धोंडबा घाटोळे, वय सत्तरच्या घरात, धंदा बसच्या बॉड्या बांधणे, जो आता बंद आहे, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीत लिहून ठेवतो. डोळे अधू झाले आहेत, डोके जागेवर आहे. यापूर्वी केलेले कोणतेही मृत्युपत्र नाही.

१. राहते घर पत्नी जिजाबाई हिला द्यावे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये. तिच्या पश्चात ते मुलगा मधुकर याचे.

२. बँकेतील शिल्लक जिजाबाईची. शेडची जागा मधुकरची. तिथे त्याला गोदाम बांधायचे आहे, माझी हरकत नाही.

३. पत्र्याच्या कात्र्या, रिवेटची हत्यारे व ड्रिल लहानू मिस्त्रीला. आमच्याकडचा कसबी माणूस, आता बाहेरून आलेल्या गाड्यांच्या खिळखिळ्या खिडक्या बसवत फिरतो. हत्यारे त्याच्या हाताला सवयीची आहेत.

४. फडताळातला निळ्या काठाचा कपबशांचा संच सून नीला हिला. आमची बस पाहायला आलेल्या खरेदी समितीला आम्ही त्यातून चहा पाजला होता. तेव्हापासून जिजाबाईने तो वापरला नाही. नीलाने रोज वापरावा.

५. आता बसविषयी. माझा मेहुणा बळीराम, बहीण कौसल्या हिचा नवरा, माझा भागीदार होता. आमच्या शेडमधल्या गाड्या उमरेडपर्यंत धावत. पुढे गाड्या विकत घेणाऱ्या संस्थेला बाहेरच्या मोठ्या कारखान्यातल्या तयार गाड्या आवडू लागल्या. संस्थेचे नाव वकिलांनी लिहू दिले नाही. टेंडरच्या अटीच अशा आल्या, की आमच्यासारखी शेड दारातच अडावी. बळीराम म्हणाला, "दादा, त्याहिले जशी पाहिजे तशीच गाडी करून दाखवू." आम्ही चेसिस आणली आणि पूर्ण लोखंडी सांगाड्याची बस उभी केली.

समिती १९७३ साली आली. सीटवर बसली, खिडक्या वरखाली केल्या. साहेब म्हणाले, "गाडी उत्तम आहे. पण आम्हाला शंभर एकसारख्या आणि एकदम हव्यात. कळवतो."

त्या 'कळवतो'वर बळीराम बसून राहिला. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून तो ड्रायव्हरच्या सीटवर जाई. पुढल्या उन्हाळ्यात कौसल्या डबा घेऊन आली आणि खिडकीखाली उभी राहून त्याच्याशी बोलू लागली. भाजी काय आहे, पोरगी काय म्हणाली, सगळे सांगितले. मग त्याच्या हाताला हात लावला आणि किंचाळली. हात स्टिअरिंगवर तसाच होता.

तेव्हापासून त्या बसमध्ये घंटी वाजते. एकच टोला, गाडी थांबवायचा. मधुकर म्हणतो, उंदीर. मी दोरी कापून टाकली, तरी वाजली. जिजाबाईनेही ऐकली आहे, ती फक्त पदर डोक्यावर घेते. मला मात्र भीती वाटत नाही. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. आणखी कोणाशी आता मला गाड्यांचे बोलता येते?

बस कौसल्येला द्यावी, माझ्या मृत्यूनंतर, असे मी इथे लिहिले होते. ते तिला वाचून दाखवले. तिला ती उमरेडच्या मुलींच्या शाळेला द्यायची आहे. लहानूने इंजिन पाहिले आहे, चालते.

ती म्हणाली, "पोरी बसतीन त्याच्यात. कल्ला करतीन. मंग ते उतरतीन."

"माझ्या मागून ने वं, कौसल्ये."

"तुह्या मागून काहून? तुले सोबत पाहिजे म्हणून त्याहिले अडकवून ठेवतं का, भाऊ? समितीवाले आता येत नाहीत गा."

वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. म्हणून वरील ओळ खोडली आहे, बाजूला सही केली आहे आणि बस या मृत्युपत्रातून वगळली आहे. चावी आज कौसल्येच्या हातात दिली. शेडचे दार तिनेच उघडावे. गाडी निघेल तेव्हा मी घरातच थांबेन.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

शालिकराम धोंडबा घाटोळे

साक्षीदार:
नत्थू सदाशिव बोरकुटे, रा. नंदनवन
डॉ. चारुशीला वामन डहाके, रा. प्रताप नगर

नागपूर, १४ नोव्हेंबर १९८३