शून्य बाइटचा कचरा

मंगळवार, ४ मार्च
रोजनिशी एक तारखेपासून लिहायची ठरली होती. एक तारखेला पेन नव्हतं. दोनला पेन आणायला निघालो तर वाटेत काही लोक दोरखंडाने पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. ते बघेपर्यंत दुकान बंद. तीनला पेन आलं, पण पियानो खिडकीतून आत गेला की नाही ते बघायला जावं लागलं. (गेला नाही.) म्हणजे उशीर माझ्यामुळे झालेला नाही.

सध्या लाँड्रीत आहे. हुद्दा: कॉम्प्युटर विभागप्रमुख. विभागात कॉम्प्युटर एक, काउंटरखाली. ताईने लाँड्रीच्या मालकीणबाईंना सांगितलं की आमच्या धाकट्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. एकदा तिचा फोन मी बंद करून चालू केला होता, त्यावरून. बाई म्हणाल्या, पंधरवडाभर बघू. जमलं तर नोकरी कायम आणि राहायला वरची खोली. नाही जमलं तर परत ताईच्या हॉलमधला सोफा. दाजी त्या सोफ्याबद्दल कधी काही बोलत नाहीत. फक्त मी त्यावर आडवा झालो की घड्याळ बघतात.

इथे सगळे मला भिंगरी म्हणतात. कामाचा वेग बघून असेल.

संकल्प: मशीन आतून-बाहेरून समजून घेणे.

बुधवार, ५ मार्च
समजलं.

बाईंचा भाचा दूरच्या शहरात प्रोग्रामर आहे. आमची सिस्टीम त्यानेच लिहिली. त्याने फोनवर सगळं सांगितलं. मशीनमध्ये दोन प्रोग्राम. एक काउंटरचा, त्यात बाई गिऱ्हाइकाचं नाव आणि कपडा घालतात. दुसरा टॅगचा, तो मागच्या खोलीतल्या प्रिंटरवर टॅग काढतो आणि इस्त्रीवाल्या आत्या तो कपड्याला टाचतात. दोघे राहतात एकाच मशीनमध्ये, पण एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचं नाही. मध्ये कर्नेल. कर्नेल म्हणजे मशीनच्या पोटातला कारभारी. टॅगवाला त्याला सांगतो, या नावाने मला एक दार दे, मी कान लावून बसतो. काउंटरवाला ते नाव विचारत येतो, कारभारी दोघांची गाठ घालून देतो. मग एकाचा निरोप दुसरा उचलेपर्यंत कारभाऱ्याच्या खिशात. खिसा भरला तर पाठवणाऱ्याने थांबायचं. याला सॉकेट म्हणतात. वायर नाही, नेटवर्क नाही, घरातल्या घरात मामला.

पुढे तो म्हणाला, त्या नावाची एक फाइल दिसेल, ती म्हणजे... तेवढ्यात एक मांजर ड्रायरमध्ये शिरलं. ते बाहेर काढून फोन कानाला लावला तेव्हा तो विचारत होता, कळलं ना? मी म्हटलं, शंभर टक्के.

गुरुवार, ६ मार्च
साफसफाई. मशीनमध्ये जुन्या फायलींचा नुसता उकिरडा. एक तर सापडली शून्य बाइटची. आत काही म्हणजे काही नाही. इथे कुणाचं लक्षच नाही. उडवली.

आत्यांनी विचारलं काय चाललंय. म्हटलं, कचरा काढतोय. त्या म्हणाल्या, मग जमिनीवरचाही काढ, तो दिसतो तरी.

दिवसभर टॅग नेहमीसारखे आले. म्हणजे तो कचराच होता. सिद्ध झालं.

सोमवार, १० मार्च
मध्ये लिहिलं नाही. नदीकाठी एक जण मोटारबोट विकत होता. घ्यायची नव्हती, पण चालते कशी ते बघायला काय जातं. त्यात रविवार गेला. बोट चालत नाही.

मशीन इथे कधी बंद करत नाहीत. फक्त दर सोमवारी बाई काउंटरचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडतात. आज उघडला तर म्हणतो, अशी फाइलच नाही. टॅग बंद. बाईंनी विचारलं, हे काय आता? मी म्हटलं, दमट हवेत होतं असं.

मग अक्कल लढवली. त्याच नावाची रिकामी फाइल बनवून तिथे ठेवली. शून्याला शून्य, हिशेब फिटला. आता तक्रार बदलली: "कनेक्शन नाकारलं." म्हणजे आधी घरात कुणी नव्हतं, आता निदान नाही म्हणणारा तरी आहे. प्रगती.

मंगळवार, ११ मार्च
भाच्याला फोन. मी सगळं सांगितल्यावर त्याने मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आश्चर्याने असावं. मग म्हणाला, "अरे बाबा, ती फाइल म्हणजे दारावरची पाटी. दार कारभाऱ्याकडे असतं. तू पाटी काढलीस तरी आत बसलेल्यांच्या गप्पा चालूच राहिल्या. नवीन येणाऱ्याला पत्ता सापडेना. आणि आता तू कोऱ्या भिंतीवर पाटी ठोकलीस. मागे दारच नाही."

उपाय म्हणे टॅगचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि त्याच्याआधी... मी म्हटलं, तेच करणार होतो, आणि फोन ठेवला. उगाच त्याचा वेळ कशाला घ्या.

बुधवार, १२ मार्च
केला बंद, केला चालू. आता टॅगवाला म्हणतो, "पत्ता आधीच वापरात आहे." माझ्या फाइलमुळे. तो बसतच नाही जागेवर. काल एक प्रोग्राम अडला होता, आज दोन्ही.

दुसरा कुणी असता तर त्याने ती फाइल उडवली असती. मी चुकांतून शिकणारा माणूस. मेलो तरी ती फाइल उडवायची नाही. बाईंनी विचारलंच, उडवून बघायची का? मी त्यांना शांतपणे समजावलं की याच वृत्तीने हे सगळं झालं. मग पूर्ण मशीन बंद-चालू केलं. फाइल जागच्या जागी. याला निष्ठा म्हणतात.

भाचा फोन उचलत नाही. दुपारी ऑर्केस्ट्राचे कोट आले. सगळे काळे, सगळे सारखे. शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम. बाई म्हणाल्या, वर्षातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, हे गेलं तर लाँड्रीला टाळं.

ठरवलं. तोवर कर्नेल मी.

गुरुवार, १३ मार्च
बाई काउंटरवर चिठ्ठी लिहितात: कोट कुणाचा. मी ती मागे आत्यांकडे पोचवतो. सोपं आहे. फक्त वाटेत खिडकी आहे, आणि आज नेमकी समोरच्या इमारतीला शिडी लावून रंगारी भांडत होते. खिसा चिठ्ठ्यांनी भरला. काउंटरवर कोटांचा डोंगर. बाई ओरडल्या. पाठवणाऱ्याने थांबायचं असतं, हा नियम त्यांना माहीत नसावा.

दुपारी पँटवर साबणाचं पाणी सांडलं. लाँड्रीत काम करून ओली पँट घालणं शोभत नाही, म्हणून बदलून ती धुवायला टाकली.

चिठ्ठ्या खिशातच होत्या.

आत्यांनी धुण्याच्या मशीनमधून पांढरा लगदा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे, पोचला तुझा निरोप."

शुक्रवार, १४ मार्च
कोट नजरेच्या अंदाजाने वाटले. काळा कोट तो काळा कोट. वाजवतात तर बसून. कोण बघतंय.

शनिवार, १५ मार्च, सकाळ
सगळ्यांनी बघितलं. ढोलवाल्याचा हात खांद्याच्या वर जाईना. बासरीवाल्याची बासरी बाहीत गेली ती मध्यंतरात निघाली. बाईंना सकाळी फोन आला, पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलत होता की मला वेगळं विचारावं लागलं नाही.

बाईंनी तो फोन ठेवला. त्यांनी भाच्याला फोन लावला. त्यांचा लगेच उचलला. मागे गाड्यांचा आवाज. तो सांगत गेला तसं बाईंनी माझी फाइल उडवली, आधी टॅगवाला चालू केला, मग काउंटरवाला. मागच्या खोलीत प्रिंटर खरखरला. चहा निवायच्या आत झालं. आता फाइल मी एवढी जपली म्हणूनच त्यांना उडवायला मिळाली, पण हे लोकांच्या लक्षात येत नाही.

म्हणाल्या, दुपारी बोलू. पंधरवडा संपतोय, तेव्हा वरच्या खोलीचंच असणार. पलंग खिडकीशी ठेवायचा की भिंतीला, एवढंच ठरवायचं राहिलंय.

दुपार
आत्ता भाचा दारात येऊन उभा आहे. कळवणं नाही, काही नाही. खांद्यावर बॅग, हातात सूटकेस. बाईंनी त्याच्यासमोर वरच्या खोलीची किल्ली ठेवली आणि मला म्हणाल्या, "भिंगरी, एवढी सूटकेस वर नेऊन ठेव, आणि मग ताईकडे जा."

सूटकेस चांगलीच जड आहे. बरेच दिवस राहणार दिसतोय. त्याला हाताखाली कुणीतरी लागेलच.