आल्यात मॅडम

छत्रपती संभाजीनगर
९ डिसेंबर

आईस जयभीम.

सकाळी पडेगावच्या सोसायटीत योगाचा क्लास घेतला. दुपारी कपडे धुतले. थंडी आहे, पण रूपाताईचा स्वेटर घालते. माझी काळजी करू नकोस.

रूपाताई गेल्यापासून तिचे क्लास मी आणि मोनिका घेतो. मोनिका नवीन आहे, रंगानं आपल्यासारखीच काळी. आज गेटजवळ एक बाई तिला म्हणाल्या, "झाडू जिन्याखाली आहे. योगावाल्या मॅडम कधी येणार?"

ताईलाही पहिल्या दिवशी असंच विचारलं होतं, आठवतं? तिनं शांतपणे मॅट अंथरली आणि म्हणाली, "आल्यात मॅडम. आता सगळ्यांनी आडवं व्हा." बायका हसल्या आणि मुकाट्यानं झोपल्या. फोनवर ऐकून तू किती हसली होतीस.

मोनिकानं मला विचारलं, "ताई, अशा वेळी काय बोलायचं?" मी रूपाताईचं वाक्य सांगायला गेले, पण मॅट उचलली आणि नुसतं "चल, उशीर होतोय" म्हणाले. क्लास संपल्यावर ती म्हणाली, "मी उद्यापासून नाय येत." मला तिला थांबवता आलं नाही. काही अडलं की मी ताईलाच विचारायचे. मला कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा नीट जेवतात का? ताईच्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना पदर सांभाळ.

मोनिका तिची मॅट इथंच ठेवून गेली. ती आणि ताईची, दोन्ही ओल्या फडक्यानं पुसल्यात. आता गच्चीवर वाळत घालते.

तुझी
करुणा