स्विमिंग पूलच्या टायमरचं काम

सर, परवा तुमच्या घरी गेले होते. चाचींना भेटायला म्हणून नाही, कामाला गेले होते. तुमचा मुलगा मस्कतची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी कायमचा परत आला, आणि भाट्याच्या खाडीपलीकडच्या तुमच्या त्याच घरात त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्यात. मागच्या बाजूला तुमची काजूची तीन झाडं होती ना, तिथला जांभा फोडून पोहण्याचा तलाव बांधलाय. तलाव म्हणजे लहानसाच, पण निळ्या फरश्यांचा, आणि कडेला एका खोपटात पंप, फिल्टर आणि एक यंत्र. ते यंत्र तुम्हाला दाखवायला मला फार आवडलं असतं. पाण्यात पावडर टाकायची नाही. थोडं मीठ टाकायचं, आणि पाइपात बसवलेल्या पट्ट्यांमधून करंट गेला की त्या मिठाच्या पाण्यातूनच क्लोरीन तयार होतो. अट एकच, पाणी वाहतं पाहिजे. पंप थांबला आणि यंत्र चालूच राहिलं तर वायू पाइपात साठतो, पट्ट्या खराब होतात, एखाद्या वेळी पाइपही फुटतो.

आणि तेच झालं होतं. बाहेरून आलेल्या कोणा माणसाने पंपाला टायमर लावला होता आणि यंत्राचं कनेक्शन मात्र थेट मेनवरून घेतलं होतं. पंप दुपारी एक वाजता बंद व्हायचा आणि यंत्र आपलं चालू. पाइपाचा एक जोड तडकला, वास पार पडवीपर्यंत आला, चाची खोकून खोकून हैराण झाल्या, तेव्हा मुलाने जोड बदलून घेतला आणि मला फोन केला. रत्नागिरीत असल्या कामाला लोक आता मला बोलावतात, सर. खोपटात शिरल्यावर एका नजरेत चूक दिसली. टायमरने कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट मिळाला की आपोआप लागणारा मोठा स्विच, ओढायचा आणि पंप, यंत्र दोन्ही त्या कॉन्टॅक्टरच्या पुढून घ्यायचे, म्हणजे पंप बंद तर यंत्र बंद. वर्गात तुम्ही हे सांगताना म्हणायचात, मोठ्या भावाने हात धरल्याशिवाय धाकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. मी मेन बंद केला, त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि टेस्टर लावून पुन्हा बघितलं. तुमचा मुलगा मागे दारात उभा होता. तो म्हणाला, "अब्बांनी त्या दिवशी एवढं केलं असतं तर..." मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला खरा, पण कुठला स्क्रू काढायचा होता तेच मला आठवेना.

आयटीआयत तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. वायरमनच्या वर्गात बाकी सगळी मुलं, मी एकटी मुलगी. वडील मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी, त्यांना मी शिवणकाम शिकावं असं वाटायचं. पहिल्याच महिन्यात मी मुलांचं बघून वायर दाताने सोलली. तुम्ही लांबून बघितलंत, आलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, "काय गो, दात भाकरी खायला दिलेत की वायर सोलायला?" मुलं हसली. तुम्ही मग त्या मुलांनाही एकेक करून तोंड उघडायला लावलंत आणि तुटलेले दात मोजलेत. एकाचा खरंच पुढचा दात अर्धा होता. त्या दिवशी मला किती राग आला होता तुमचा, आणि घरी जाताना रस्त्यात एकटीच हसलेही होते.

माझं गणित कच्चं, म्हणून तुम्ही मला रविवारी घरी बोलवायचात. चाचींच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून लांबच्या भिंतीला, तुम्ही माझ्यासाठी एक लाकडी बोर्ड ठोकून दिला होता. त्यावर मी वायरिंग करायची आणि तुम्ही कांदा चिरता चिरता चुका सांगायचात. चाची सांदणं वाफवायच्या. वायर आणि गुळाचा वास एकत्र आला की आजही मला भूक लागते. तुमचा मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, त्याला तुमचा कोण अभिमान. "माझे अब्बा उघड्या वायरला घाबरत नाहीत," असं तो मला सांगायचा, आणि तुम्ही त्याला म्हणायचात, घाबरतो रे, म्हणून तर जिवंत आहे.

दुसऱ्या वर्षी मला बाहेर कामाचा अनुभव हवा होता आणि एकही कंत्राटदार मुलीला घ्यायला तयार नव्हता. म्हणून सुट्टीच्या दिवशी तुम्हीच मला बरोबर घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलात. बर्फ फोडायच्या मशीनची वरून येणारी वायर खाऱ्या हवेने कुजली होती, ती बदलायची. तो दिवस मी आजही चालू असल्यासारखा बघते. जमीन सगळी ओली, भिंतीपलीकडच्या खोलीत मेनबोर्ड. तुम्ही चिनी मातीचे ते तीन पांढरे फ्यूज एकेक करून ओढून काढता, माझ्या ओंजळीत ठेवता आणि सांगता, "हे हातातून सोडायचे नाहीत. मी खाली उतरून परत मागत नाही तोपर्यंत मालक आला तरी द्यायचे नाहीत." मग तुम्ही पलीकडे जाता. शिडीच्या पायऱ्या वाजतात. थोड्या वेळाने मी ते तिन्ही फ्यूज बोर्डाखालच्या फळीवर ठेवते आणि दाराबाहेर जाऊन उभी राहते. धक्क्यावर एक बोट बर्फासाठी खोळंबली आहे. तिचा एक खलाशी धक्क्याकडच्या दुसऱ्या दाराने आत येतो, मशीन का बंद आहे म्हणून बोर्ड बघतो, फळीवरचे फ्यूज बघतो, कोणीतरी लावायचे विसरलं असं त्याला वाटतं आणि तो ते बसवतो. मग शिडी पडल्याचा आवाज.

तुमचा उजवा हात भाजला होता आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. सिव्हिल हॉस्पिटलात मालक आले, आयटीआयचे प्राचार्य आले. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, तोंड उघडणारच होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "फ्यूज मी काढलेच नव्हते. घाई केली. माझी चूक." ज्याने फ्यूज बसवले त्या खलाशाने एकट्या मला सांगितलं, मग तोही घाबरून गप्प राहिला आणि चार दिवसांत बोटीवर निघून गेला. सगळे गेल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. "तू काय बोलायचं नाहीस. पोरगी होती म्हणून झालं, असंच म्हणतील. पुढच्या वर्षासाठी दोन पोरींनी फॉर्म भरलेत." मी रडायला लागले तर तुम्ही परीक्षेची तारीख विचारलीत.

त्यानंतर तुमच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटली नाहीत. तुम्हाला वर्कशॉपमधून काढून स्टोअरला बसवलं. खिडकीतून मुलांना हत्यारं द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. लंगडत कपाटापर्यंत जायचात, आणि आम्ही रांगेत दुसरीकडे बघायचो. मी पास झाले तेव्हा तुम्ही तुमची पक्कड मला दिलीत. म्हणालात, माझ्या मुठीत आता ती बसत नाही, घरात पडून गंजेल. पुढे मला लायसन्स मिळालं, पेढे घेऊन आले, तुम्ही ते लायसन्स दिव्याजवळ नेऊन अक्षर अन् अक्षर वाचलंत. पण तुमच्याकडचं माझं येणं कमी होत गेलं. तुम्हाला वाटलं असेल, कामं वाढली. कारण वेगळं होतं. दर वेळी चाची ताट वाढताना म्हणायच्या, "दुसऱ्यांना शिकवता शिकवता स्वतःच विसरले बघ गो." आणि मी मान खाली घालून जेवायची. तुम्ही गेलात ते मला लोट्याला एका कंपनीच्या वसाहतीत काम चालू असताना कळलं. पोहोचेपर्यंत तुम्हाला नेलं होतं. कबरस्तानात बायका जात नाहीत. मी रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून तिथल्या दगडी गडग्याकडे बघत बसले, आणि खरं सांगते, त्या दुःखातही मनात कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं.

परवा ते सुटणं संपलं. तुमचा मुलगा खोपटाच्या पायरीवर बसला आणि सांगायला लागला. शाळेत मुलं त्याला चिडवायची, की वायरिंगच्या मास्तरला फ्यूज काढायचं माहीत नाही. काका घरी येऊन तेच बोलायचे. त्याला तुमची लाज वाटायला लागली. मोठा झाल्यावर त्याने ठरवलं, वायरला हात लावायचा नाही, आणि तो हॉटेलच्या नोकरीला मस्कतला गेला. "त्यांनी कधी बाजू पण मांडली नाही," तो म्हणाला. "नुसते गप्प बसायचे. तुम्ही होतात ना तिथे, ताई? खरंच काढले नव्हते फ्यूज?"

मी कॉन्टॅक्टर खाली ठेवला. म्हटलं, "काढले होते. तिन्ही काढले होते, माझ्या हातात दिले होते. मी विसरले आणि फळीवर ठेवून बाहेर गेले." मग हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं, तुम्ही कॉटवर काय म्हणालात ते, त्या दोन फॉर्मचं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तलावाच्या पाण्याकडे बघत बसला. पाणी अगदी थांबलेलं होतं. मग त्याने विचारलं, "अब्बांना माहीत होतं, की मला असं वाटतं?" मी म्हटलं, मला नाही माहीत. तो म्हणाला, "त्यांची शेवटची दोन वर्षं मी मस्कतहून फोन करायचो तो अम्मीलाच. आधी तेच उचलायचे, 'कसा आहेस' विचारायचे. मी म्हणायचो, अम्मीला द्या." एवढं बोलून तो उठला. काम पुरं करून जा, म्हणाला, आणि गाडी काढून निघून गेला.

सर, हे मला माहीत नव्हतं. तुमचा हात गेला, नोकरीतला मान गेला, हे मी इतकी वर्षं मोजत आले होते. तुमचा मुलगाही त्यातच गेला होता हे मी कधी बघितलंच नाही. दर वेळी माझ्या समोरच्या पाटावर तुम्ही जेवत होतात आणि मस्कतच्या फोनचा विषय निघाला की पाणी प्यायला उठत होतात. ते मी बघत होते. विचारलं नाही.

मी काम पुरं केलं. दुसरं काय करणार होते? टायमर बॅटरीचा घातलाय, लाइट गेली तरी त्याचं घड्याळ चुकत नाही. सकाळी सात ते एक आणि दुपारी तीन ते पाच. अर्थिंग नवीन काढलं. कुलूप काढून मेन चालू केला, पंपाने पाणी ओढलं आणि त्याच्याबरोबरच यंत्राचा हिरवा दिवा लागला. मुद्दाम पाच वेळा बंद-चालू करून बघितलं. पाचही वेळा पंप थांबला की दिवा विझला. चाचींनी जेवायला थांबवलं. त्यांना आता नीट दिसत नाही, भाकरी थापताना त्या हाताने तव्याची कड चाचपतात. मुलगा कुठे गेला म्हणून विचारत होत्या. बाजारात गेला असेल, मी म्हटलं.

आज सकाळी त्याचा फोन आला. टायमर बरोबर चालतोय, वास अजिबात येत नाही, म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "अम्मीला मी सांगितलं." मी विचारलं, काय म्हणाल्या? "नमाजाला बसली, ती खूप वेळ उठली नाही." मी फोन कानाला तसाच धरला. त्यानेही फोन ठेवला नाही. मग कोणीतरी पाहुणा त्याला हाक मारायला आला.

हे लिहायला बसले ते चाचींना नेऊन द्यायचं म्हणून. कोणाकडून तरी वाचून घेतील, असं वाटलं होतं. पण आता ते होणार नाही. कारण एक गोष्ट मी तुमच्या मुलालाही खरी सांगितलेली नाही, आणि तुम्हीही ती मला कधी विचारली नाहीत. मी विसरले नव्हते, सर. तुमचा शब्द न् शब्द मला आठवत होता. ते तीन फ्यूज छातीशी धरून मी उभी होते, तेव्हा बर्फाची लादी ओढणारे दोघं जण दारावरून गेले. त्यातला एक म्हणाला, "ह्या पोरीला काय ओटी भरून उभी केलीय?" आणि दोघं हसले. ते परत त्याच वाटेने येणार होते. मला लाज वाटली, म्हणून मी ते खाली ठेवले.