उंबऱ्याखालची चावी

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
१२ मे १९५८

प्रिय शोभा,

"वहिनी, पाणी कमी आलं की आधी पाइपाला विचारावं, मग माणसाला." सात वर्षांपूर्वी मोरीत उभी राहून तू हे म्हणालीस, आणि मला वाटलं, किती तोंडाळ आहे ही. आता पाइपाला विचारून झालं आहे, म्हणून लिहायला बसले.

घरात मी एकटीच असते. पोतदारांच्या शाळेत पूर्वीसारखीच शिकवते, फक्त आता पुस्तकं हिंदी आहेत. मुलींना कविता समजते, मलाच मधून मधून अडायला होतं. नंदकुमार भावजींनी अकोल्याची नोकरी मागून घेतली ते बरंच केलं. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, आपलं गाव हिंदी राज्यात राहिलं, तसे तुम्ही गेलात, आणि खालच्या दोन खोल्या तेव्हापासून बंद आहेत. तुझे मोठे भावजी गेले त्याला या पंधरवड्यात नऊ महिने होतील. मला रडू आलं नव्हतं, अजूनही येत नाही. सकाळी उठते, चहाला दोन कप काढते, एक परत ठेवते. एवढंच.

होळीनंतर नळ बारीक झाला. आधी वरच्या मजल्यावरचा, म्हणून मी मनावर घेतलं नाही. वरचा तर आपला नेहमीचाच रडका. मग खालच्या मोरीतला, मग अंगणातला. एक हंडा भरायला शंभर आकडे मोजेपर्यंत वेळ लागायचा, तो दोनशेवर गेला. दोन नळ बंद ठेवून एकच सोडून पाहिला, तोच थेंब थेंब. तोट्या काढून धुतल्या. शेजारच्या मालूबाईंकडे मात्र धो धो. त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्या घरात आता चोरायला कोण उरलंय?" त्यांना गंमत करायची होती. मी हंडा तिथेच ठेवून घरी आले.

चुडामण नळवाल्याला बोलावलं. त्याने उंबऱ्याजवळची फरशी काढली, रस्त्यापासून घराचं पाणी बंद-चालू करायच्या चावीपर्यंतचा पाइप उकरला आणि करवतीने कापून माझ्यासमोर धरला. आत पांढरा दगड. मधे पाटीवरच्या पेन्सिलीएवढं भोक. "बाई, भंडाऱ्याच्या जुन्या कुंड्यांचं पाणी गोड, पण चुन्याचं. वीस सालांचा थर हाय ह्यो. वरपर्यंत कसं चढंल?" म्हणाला. मी तुकडा हातात घेतला. जड होता.

तुला ती कुंकवाची रेघ आठवत असेल. वर पाणी चढू नये म्हणून तूच खालून चावी कमी करतेस, असा मला संशय होता. मी चावीच्या दांड्यावर आणि खालच्या पाइपावर मिळून एक रेघ ओढली होती, कोणी चावी फिरवते का ते पाहायला. दुसऱ्या सकाळी रेघ तुटलेली होती. मी मालूबाईंना आणि अजून दोघींना बोलावून ती दाखवली. तू गोटूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस. मी म्हणाले, पाणी चोरणारीच्या शपथेला काय किंमत, लेकराला मधे घालू नकोस. गोटूला तेव्हा ताप होता. हे मी विसरले नव्हते, शोभा. माहीत असून बोलले. त्यानंतर पाच वर्षं एका घरात राहून तू मला वहिनी म्हणाली नाहीस.

चुडामण फरशी बसवताना सहज बोलून गेला. "मास्तर गेले, आता चावी तुम्हीच हलवत जा. आठवड्यातून एकदा पूर्ण बंद करून उघडायची, नाहीतर धरून बसते. मीच सांगितलं होतं त्यांना, फार सालं झाली. दर गुरुवारी पहाटे न चुकता करायचे." मी कॅलेंडर काढून पाहिलं नाही. रेघ तुटलेली दिसली तो दिवस गुरुवारच होता. मी उपास धरला होता.

म्हणजे रेघ ह्यांच्याच हाताने तुटली, आणि पुढचं सगळं ह्यांनी पाहिलं. तू शपथ घेत होतीस तेव्हा हे जिन्यावर उभे होते, हातात तांब्या होता. चार बायकांत मला खोटं पाडायचं नसेल, असं मी स्वतःला सांगते. विचारायला आता कोणी नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. कुंकवाचा करंडा मी सासूबाईंच्या पेटीत ठेवला होता, तो उघडून बघितला आणि पुन्हा बंद केला.

नवा पाइप बसून आज अकरा दिवस झाले. चुडामण चावी उघडायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. मालूबाईंकडून दोन हंडे आणते. रेघेची खरी गोष्ट त्यांना आणि त्या दोघींना सांगून झाली आहे. मालूबाईंनी हंडा स्वतः उचलून दिला. आता एकच राहिलं. तू ये, गोटूला घेऊन ये. त्यांच्यासमोर ती चावी तुझ्या हाताने उघड आणि पहिला हंडा खालच्या मोरीत तूच भर. तू येणार नाहीस. ह्यांच्या दहाव्याला आली नाहीस, तर एका नळासाठी कशाला येशील. तरी लिहिते आहे. ये.

तुझीच,
रजनी वहिनी