ब्रेकचा चौकोन

बुधवार, संध्याकाळचे सात

लिफ्टच्या जुन्या कोडवरून सॉफ्टवेअरने काढलेला आराखडा मी काल ऑफिसात दिला. त्यात कोडच्या प्रत्येक भागाला एक चौकोन असतो. आमची पद्धत अशी की ज्या भागाचा चौकोन त्यात नाही, तो निरुपयोगी समजून काढायचा. आत्ता चहा घेताना आठवलं, ब्रेकचा चौकोन नव्हताच. घाईत मी सॉफ्टवेअरला वाचायला द्यायचा मुख्य फोल्डर एक पायरी आतला निवडला. ब्रेकचा कोड बाहेरच राहिला.

आमच्या प्रोग्रामरला, स्मिताला, फोन करून ब्रेकच्या कोडचं विचारलं.

"अरे, तो उडवला मी. आपला मेकॅनिक दिलीप चारकोपच्या इमारतीत नवा कोड टाकून लिफ्ट तपासतोय."

"थांबव त्याला!"

"लागत नाहीये रे फोन. लिफ्टमध्ये रेंज नसते ना."

रेंजच नसेल. अर्धा तास झाला. ब्रेकचा चौकोन कसा दिसला नाही मला? ती इमारत बावीस मजल्यांची आहे.