सज्ज्याखालचे टेकू

पनवेल,
मंगळवार, १९ नोव्हेंबर १९९१

चि. आभा हिला दाजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे धडधाकट. तुझ्या आईचा गुडघा काय म्हणतो? तिला सांग, थोरल्या भावाचे दात अजून जाग्यावर आहेत, म्हणून आपट्याहून आणलेले पोहे जाडेच पाठवतोय.

तू नकाशा काढलेल्या घराचं म्हणशील तर रंग पुरा झाला. पिस्ता. तू सांगितलेला पांढरा बायकांनी नापास केला, कोळणींच्या हाताखाली पांढरं चार दिवस टिकायचं नाही म्हणाल्या. खालच्या सहा खोल्यांना कड्या लागल्या. मोरीचा उतार तू दाखवलास तस्साच आहे, घागरभर पाणी ओतलं तर वळून बघेपर्यंत गेलेलं असतं. मच्छी बाजारामागच्या तीन गुंठ्यांत बारा बिऱ्हाडं आणि वर प्रत्येकाला उजेड, हे बघायला माणसं वाट वाकडी करून येतात. दारावरच्या पाटीवर तुझं नाव रंगवून घेतलंय. पेंटरने ‘भ’ जरा पोटुशी काढलाय, पण वाचता येतो.

सज्ज्याखालचे टेकू अजून काढले नाहीत. असू देत थोडे दिवस.

परवा फोन आला होता तो माझाच. तू ‘हॅलो’ म्हणालीस आणि मी थंडी पडली का विचारून ठेवून दिला. पुण्याची थंडी विचारायला कोणी एसटीडी लावतं का? पण मागे रांग होती, आणि बोलायचं ते रांगेत बोलण्यासारखं नव्हतं.

इथवर लिहिलं तोच बाहेर रंभेचा आवाज आला. तुला आठवत असेल, आपल्या बारा बिऱ्हाडांची पुढारीण. तू पहिल्यांदा सगळ्यांना बसवून ‘घरात काय काय हवं’ विचारलंस, तेव्हा बाकीच्यांनी नळ, संडास सांगितलं आणि ही म्हणाली होती, “आमाला बोलाची जागा हवी.” त्यावरून तू तो पाच फुटी सज्जा काढलास, वरच्या सहाही दारांपुढून जाणारा. तीच रंभा. डोक्यावर ट्रंक घेऊन दारात उभी.

“दाजी, घर तुमी आमच्यासाठी बांधलाव का टेकूंसाठी? समदे इचारतान, टेकूंचं भाडं किती हाय?”

म्हटलं, “आठ दिवस थांब गं बये.”

“आठ आठ करून दिवाली गेली. आयतवारी वास्तू हाय. आमी बाराजणी सज्ज्यावं उभ्या ऱ्हानार नि आभाताई आली का वरून फुलं टाकनार. तवा तरी लंगड्याच्या कुबड्या काढा!”

मी हसलो. हसून वेळ मारून नेली.

बाळ, आता लिहितो. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

तुझ्या नकाशात सज्ज्याच्या सळ्या वरच्या अंगाला होत्या. मी बघितलं आणि मनाशी म्हटलं, पोर चुकली. चाळीस वर्षं मी स्लॅब टाकतोय, सळई खालीच घालतोय, कारण स्लॅब खालून फाटतो. सज्जे केले ते सगळे खालून दगडी तोड्यांचा आधार दिलेले. नुसता भिंतीतून बाहेर काढलेला, खाली काही नसलेला सज्जा मी जन्मात केला नव्हता. पण हे तेव्हा कोणाला सुचतंय? सळ्या बांधणारा शिवा म्हणालासुद्धा, “दाजी, कागदावं तर वर हायेत.” मी त्याला म्हटलं, “कागद पोरीने काढलाय, घर मी बांधतोय.” आणि लाल पेन्सिलीने तुझी रेघ खोडून खाली ओढली.

तुला विचारलं नाही. तुझं पहिलं काम, चारचौघांत चूक निघू नये, मामाने गुपचूप निस्तरावी, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा तोराही होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चुलीवरची गरम भाकरी एका कडेला धरून उचलली. ती लोंबली आणि माझ्या बोटांपाशी चिरली. वरून. खालून नाही, वरून. घास तसाच राहिला. पळत गेलो, चार टेकू आदल्या दिवशीच काढले होते. वर चढून बघतो तर भिंतीलगत केसाएवढी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टेकू परत लावले. रेघ वाढतेय का बघायला तिच्यावर कॅलेंडरचा कागद खळीने चिकटवला. तिसऱ्या दिवशी तो फाटला होता.

तेव्हापासून कोणी मोठ्याने दार आपटलं तरी मी सज्ज्याकडे बघतो. वरच्या सहा बिऱ्हाडांना घरात शिरायला दुसरी वाट नाही. टेकूंमध्ये माझ्या दादूची पोर रिया आणि तिच्या मैत्रिणी लपाछपी खेळतात. काल तिने एका टेकूला मिठी मारून राज्य घेतलं.

पेन खाली ठेवून उठलो होतो. आताच परत आलोय.

जिन्याच्या तोंडाशी आडव्या फळ्या ठोकल्या. रंभा पायरीपाशी ट्रंकेवर बसली होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या देईल. तिने आधी सज्ज्याखालच्या पोरांना हाका मारल्या, एकेक नाव घेऊन, सगळी बाहेर येईस्तोवर. मग म्हणाली, “आभाताईला सांगितलाव?”

“लिहितोय.”

“लिवत काय बसताव? पाठवा!”

मग ट्रंक उचलून जुन्या खोलीकडे चालू लागली. त्या खोलीची किल्ली तिने कालच मालकाला परत दिली आहे.

दादू दुपारच्या एसटीने निघतोय, पत्र तुझ्या हातात देईल. रविवारची वाट बघू नकोस. तुझ्या कॉलेजातल्या सरांना घेऊन उद्याच ये. खाली खांब देऊन सज्जा वाचेल की तोडावा लागेल, ते तू सांग. तोड म्हणालीस तर पहिला घाव मी घालीन. तोवर टेकूंपाशी खुर्ची टाकून बसतोय. माझ्या बसण्याने ते तगतील असं नाही, पण दुसरीकडे बसवत नाही.

सोबत तो नकाशा पाठवतोय. फाडून चुलीत घालावा असं दोनदा मनात आलं होतं. जपून ठेव. उद्या कोणी पाटीवरच्या तुझ्या नावाकडे बोट दाखवलं तर हा कागद पुढे कर. निळी रेघ तुझी आहे. लाल माझी.

तुझ्या रेघेवर भरवसा न ठेवलेला,
दाजीमामा