एकही दिवस न चुकवता गमावलेले अडुसष्ट गुण

अमरावती, ता. ६

श्री. किशोरराव यांस शालिकरामाचा नमस्कार. तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करतो, माझा नाही.

वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. गेल्या महिन्याच्या आठ तारखेला चांदूर बाजारच्या डोमाजीकाकांकडील लग्नाच्या आहेराचे कापड आपण सर्व नातलगांनी अकोल्यात एकाच दुकानातून घेतले. "भाऊजी, तुमचं कार्ड घासा न, दहा टक्के सूट भेटून राहिली," असे तुम्ही दुकानदारादेखत म्हणालात. एक लाखाची मर्यादा असलेल्या माझ्या कार्डावर ब्याण्णव हजार चारशे रुपये चढले. प्रत्येकाने आपला वाटा मला तिथेच रोख दिला. ती रोकड मी लिफाफ्यात घालून, वर तारीख टाकून कपाटात ठेवली. बारा तारखेला बिल निघाले. भरण्याची अंतिम तारीख दोन. दोनलाच सकाळी दहा वाजता मी पै न पै भरली. पंधरा वर्षे असेच भरतो. मुदतीनंतर भरणे ही लबाडी आणि मुदतीआधी भरणे हा उतावीळपणा, असे माझे मत आहे (ते मी विद्यार्थ्यांनाही सांगत आलो).

काल आकांक्षाच्या शैक्षणिक कर्जाचा सहअर्जदार म्हणून बँकेत गेलो. तेथील रागिणी नावाच्या मुलीने (अक्षर भिकार, आवाज मात्र नम्र) संगणकात पाहिले, आणि मग पुन्हा पाहिले. दुसऱ्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरची वाटते तशी भीती मला वाटली. "सर, क्रेडिट स्कोर सातशे अडतीस आहे न. साडेसातशेच्या खाली फाइल पुढे नाही जात." गेल्या वेळी आठशे सहा होता! तीस वर्षे मी भौतिकशास्त्राचे पेपर तपासले. नापास होणे म्हणजे नेमके काय, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. मी पावती पुढे केली. ती म्हणाली, "तुम्ही वेळेवरच भरले सर. पण बिल निघते त्या दिवशीची बाकी स्कोर काढणाऱ्या कंपनीला कळवली जाते. लाखातले ब्याण्णव वापरलेले दिसले, की त्यांना वाटते माणूस तंगीत आहे." तंगीत? पैसे कपाटात होते! "कपाट त्यांना दिसत नाही न सर. बिल निघायच्या आधीच भरून टाकायचे होते."

पुढील नोंद बारा तारखेला जाईल, गुणही चढतील. परंतु कर्जाची फाइल दहाला बंद होते आणि पुण्याच्या कॉलेजची फी अकराला भरायची आहे. कालपासून मला सगळ्यांची भीती वाटते. दूधवाल्याने "सर, बरं आहे न?" एवढेच विचारले, तर याला आकडा कळला की काय, असे वाटून मी महिन्याचे पैसे आगाऊ दिले (आयुष्यात प्रथमच). आकांक्षा बॅग भरते आहे. "बाबा, झालं न बँकेचं?" असे तिने विचारले, की मी "प्रक्रिया सुरू आहे" म्हणतो आणि स्नानगृहात जातो. काल चार वेळा स्नान झाले.

जबाबदार कोण, हे मी लिहीत नाही. कार्ड घासण्याची सूचना कोणाची, ते वर आले आहे.

शालिकराम

ता.क. तुमच्या बहिणीने हे वाचले. "बोलच लावत बसा, कामाचं लिहू नका," असे सुभद्रा म्हणते. तिच्याकडून कळले, की तुमचा स्कोर सातशे एक्याण्णव आहे. कारण विचारले, तर म्हणाली, "किशोरले तारीख लक्षात राहत नाही, म्हणून तो पेट्रोल भरलं की त्याच दिवशी कार्डाचे पैसे भरून टाकते." तुमच्या विसराळूपणाविषयी मी आजवर जे बोललो, ते मागे घेतो.

आणखी ता.क. रागिणी म्हणते, सहअर्जदार मामाही चालतो. आठ तारखेला सकाळी आधार, पॅन आणि तीन वर्षांची आयकर विवरणे घेऊन यावे. हे पत्र आणणाऱ्या आमच्या शेजारच्या मंजुषाताई नोकरीसाठी रोज अकोल्यास जा-ये करतात. आज सायंकाळी त्यांच्याच हाती होकार द्यावा. तो लेखीच हवा. फोनवर तुम्ही हसाल.